पोतदाराची नजर

आमच्या सासूबाईंची झोप आता फार सावध झालीय. रात्री मी गच्चीवरून खाली येते, तेव्हा जिन्यावरच्या पावलांनीच त्यांना जाग येते आणि अंधारातून आवाज येतो, “आला का गं तुझा पाहुणा?”

“नाही आला, आई.”

“बरं. दाराला कडी घाल.”

दोन वर्षं होत आली, आमचं हे बोलणं असंच चाललंय. पाहुणा म्हणजे उत्तर मुकुट या तारकासमूहातला एक तारा. कागदोपत्री त्याचं नाव टी कोरोनी बोरिॲलिस, पण आमच्या घरात तो नुसता ‘टी’. चैत्र-वैशाखात रात्रीची जेवणं आटोपून पूर्वेला बघितलं, की नारिंगी स्वाती लगेच ओळखू येते. तिच्या खाली, जरा डावीकडे, सात ताऱ्यांची अर्धी बांगडी पडलेली दिसते. तो उत्तर मुकुट. बांगडीच्या खालच्या टोकाशी, थोडा बाहेर, टी असतो. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. तो दहाव्या प्रतीचा आहे आणि अगदी काळोख्या जागीही आपला डोळा सहाव्या प्रतीपाशी थांबतो. पण १२ मे १८६६ च्या रात्री आयर्लंडमधल्या ट्यूअम गावात जॉन बर्मिंगहॅम नावाचे गृहस्थ मित्राकडून घरी परतत होते. त्यांनी सहज वर पाहिलं, तर त्या रिकाम्या जागी दुसऱ्या प्रतीचा झगझगीत तारा उभा. आठवड्याभरात तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. मग फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा तेच. ऐंशी वर्षांचा हा हिशेब धरला, तर आता त्याची वेळ झालीय. २०२४ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी ‘सप्टेंबरपर्यंत नवा तारा दिसणार’ असं छापलं, तेव्हापासून सासूबाई विचारू लागल्या. सप्टेंबर आला आणि गेला. हे लिहितेय तोवर पाहुण्याचा पत्ता नाही.

‘नवतारा’ हा शब्द जरा फसवा आहे. तिथे नवीन काही जन्माला येत नाही. टी म्हणजे मुळात दोन ताऱ्यांचं बिऱ्हाड. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि दुसरा पृथ्वीएवढ्या आकाराचा, पण वजनाने सूर्याच्या तोडीचा श्वेतबटू. दोघं साधारण २२७ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घालतात. तांबड्याचा हायड्रोजन श्वेतबटूवर ओढला जातो, थरावर थर साचत जातो, तळाशी दाब आणि उष्णता वाढत जाते आणि एका क्षणी सगळा थर एकदम पेट घेतो. तारा फुटत नाही. अंगावरची ठेव उधळून टाकतो आणि पुन्हा पहिल्यापासून साठवायला लागतो. त्या उधळणीत त्याचा प्रकाश दीड हजार पटींनी वाढतो.

मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. चोवीस वर्षं झाली. आता नोटा मोजायला यंत्र आहे, पण मी लागले तेव्हा पाण्यातल्या स्पंजवर अंगठा ओला करायचा आणि मोजत सुटायचं. पहिल्याच महिन्यात मी आमच्या हेडकॅशिअर मावशींना विचारलं होतं, की खोटी नोट कशी ओळखायची, तिची लक्षणं सांगा. त्या म्हणाल्या, “खोट्या नोटेच्या मागे लागू नकोस. खऱ्या मोज. लाखभर खऱ्या मोजल्यास ना, की खोटी आली तर अंगठा आपोआप थांबेल.” मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं. दीड वर्षाने एका दुपारी पाचशेच्या गड्डीत अंगठा थांबला. डोळ्यांना काही कळायच्या आधी थांबला. उलटून पाहिली, प्रकाशात धरली, खोटी होती.

राधागोविंद चंद्र यांची गोष्ट वाचली, तेव्हा मला तो अंगठा आठवला.

हे गृहस्थ जेसोरजवळच्या बागचर गावचे, जन्म १८७८ चा. आज तो भाग बांगलादेशात आहे. मॅट्रिकची परीक्षा त्यांना तीनदा देऊनही सुटली नाही. मग जेसोरच्या सरकारी खजिन्यात पोद्दार म्हणून चिकटले. पोद्दार म्हणजे आपल्याकडचा पोतदार. खजिन्यात येणारं नाणं वाजवून, चोळून, डोळ्यांजवळ धरून खरं की खोटं ते सांगणारा माणूस. दिवसा नाणी पारखायची आणि रात्री आकाश बघायचं. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या द्विनेत्रीतून पाहिला, तो नाद पुढे वाढत गेला आणि त्यांनी तीन इंची दुर्बीण मागवली. ७ जून १९१८ च्या रात्री गरुड तारकासमूहात, श्रवण ताऱ्याच्या परिसरात, त्यांना एक जास्तीचा तारा दिसला. दुर्बिणीतून शोधून काढलेला नव्हे, नुसत्या डोळ्यांना खटकलेला. तो विसाव्या शतकातला सर्वांत तेजस्वी नवतारा होता. त्यानंतर दोनच दिवसांत त्याने श्रवणाला मागे टाकलं.

जगात अनेकांनी तो त्याच सुमारास पाहिला, त्यामुळे शोधाचं श्रेय एकट्या चंद्रांना मिळालं नाही. पण त्यांनी हार्वर्डच्या वेधशाळेला पत्र लिहून कळवलं आणि त्यातून एएव्हीएसओ या संघटनेशी त्यांची गाठ पडली. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणं गोळा करणारी ही अमेरिकन संघटना १९११ मध्ये सुरू झाली. १९२६ मध्ये संघटनेने त्यांना चक्क सहा इंची दुर्बीण जेसोरला धाडली, वापरायला. त्या माणसाने त्या विश्वासाचं काय केलं, ते एका आकड्यात कळतं. १९५४ पर्यंत त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून जास्त निरीक्षणं नोंदवून पाठवली. १९२८ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांचा सन्मान केला. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले आणि १९७५ मध्ये बारासतला, हलाखीत, गेले. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आली. १९४९ मध्ये हार्वर्डला विद्यार्थी असताना ज्यांच्या नावाने धूमकेतू नोंदला गेला, तेच बाप्पू.

सदतीस हजार नोंदींमध्ये नवतारा किती रात्री? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या खऱ्या नाण्यांच्या. मला या माणसाबद्दल वाटणारा आदर त्या बाकीच्यांसाठी आहे. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक नोंद म्हणजे काय, ते सांगते. गच्चीवर गेल्यावर वीसेक मिनिटं काहीच करायचं नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायचे. बॅटरीच्या काचेवर मी लाल पतंगाचा कागद दोन पदरी बांधलाय, म्हणजे नकाशा बघताना डोळे बिघडत नाहीत. दुर्बीण सहा इंची, परावर्तक. तिचा आरसा मी पुण्यातल्या एका कार्यशाळेत स्वतः घासलाय. काचेवर काच, मध्ये पाण्यात कालवलेली कार्बोरंडमची पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं. एक पावसाळाभर दर रविवारी वाई ते पुणे. नकाशावर टीच्या आसपासच्या, तेज न बदलणाऱ्या ताऱ्यांपुढे आकडे छापलेले असतात. ९८ लिहिलं असेल, तर ती ९.८ वी प्रत. दशांशचिन्ह मुद्दाम देत नाहीत, कारण तो ठिपका नकाशात ताराच वाटायचा. मग एक टीपेक्षा किंचित तेजस्वी आणि एक किंचित मंद, असे दोन तारे निवडायचे आणि ठरवायचं, की टी या दोघांमध्ये कुठे बसतो. अर्ध्यावर? पहिल्याच्या जवळ? टी तांबूस आहे आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं, की तो डोळ्यांत साठत जातो, असतो त्याहून तेजस्वी भासतो. म्हणून नजर टाकायची आणि काढायची. भाजीवालीच्या पाटीवर टाकतो तशी. काल काय लिहिलं होतं ते आठवायचं नाही. हे सगळ्यांत अवघड आहे. वही उलटी घालून ठेवते ती त्याचसाठी.

मग वेळ लिहायची, तीही ज्युलियन दिनांकात. ही दिनगणना इसवी सनापूर्वी ४७१३ पासून एकेक दिवस मोजत आलीय आणि तिचा दिवस ग्रीनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे युरोपातली रात्र दोन तारखांत फाटत नाही. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. बँकेत मी रोख जुळवून तिजोरीची किल्ली देते, साधारण त्याच वेळी वरचा दिवस सुरू होतो. या जुळण्याचा मला रोज थोडा आनंद होतो.

एकदा मला वाटलं होतं, की आपल्याला नवतारा सापडला. मार्च २०२१. द्विनेत्रीतून सिंह राशीच्या मागच्या भागावरून नजर फिरवत होते आणि थांबले. सिंहाच्या मांडीजवळ सहाव्या प्रतीचा तारा, जो तिथे असायला नको होता. नकाशा काढला, नव्हता. दुसरा काढला, त्यातही नव्हता. हात थरथरायला लागले. यजमानांना वर बोलावलं, त्यांना दाखवला, वेळ लिहिली. मग जे शिकवलंय ते केलं. जागा कागदावर काढली आणि दीड तास वाट पाहिली. फरक कळेना. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या रात्री तो थोडा सरकला होता. व्हेस्टा. लघुग्रह, त्याच आठवड्यात पृथ्वीसमोर आलेला. ताऱ्यांत तारा होऊन बसला होता. मी गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी होते. निराशा झाली, पण त्याच्याआड आणखी एक गोष्ट होती. अंगठा थांबला होता. दहा वर्षांपूर्वी तो तारा माझ्या डोळ्यांखालून तसाच गेला असता.

एडिंबराच्या थॉमस अँडरसन यांचं याच्या अगदी उलट झालं होतं. १ फेब्रुवारी १८९२ ला तिथल्या वेधशाळेत एक निनावी पोस्टकार्ड आलं. सारथी तारकासमूहात नवतारा आहे, जागा अमुक, प्रत पाचवी. पाठवणाऱ्याची सही नाही. शोध घेतल्यावर कळलं, की हे अँडरसन. त्यांनी नंतर प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की हा तारा आपण आठवड्याभरात दोन-तीनदा पाहिला होता, पण दर वेळी सारथीतलाच २६ क्रमांकाचा तारा समजून सोडून दिला. खोटं नाणं हातात येऊन खऱ्याच्या थैलीत पडत होतं. सही न करण्यामागचा संकोच मला समजतो. आणि याच अँडरसननी २१ फेब्रुवारी १९०१ ला ययाती तारकासमूहातला मोठा नवतारा पहिल्यांदा पाहिला. नऊ वर्षं त्यांनी काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमधले जॉर्ज अल्कॉक हे शाळामास्तर तर द्विनेत्रीत दिसणाऱ्या तीस हजार ताऱ्यांची मांडणी तोंडपाठ करून बसले होते. नकाशाची गरजच नाही. पाच धूमकेतू आणि पाच नवतारे त्यांच्या नावावर आहेत. ऑगस्ट १९५९ मध्ये पाच दिवसांत दोन धूमकेतू. मे १९८३ मध्ये त्यांनी जो धूमकेतू टिपला, तो घरातल्या बंद खिडकीच्या काचेतून. तो पृथ्वीपासून ४७ लाख किलोमीटरवरून गेला, धूमकेतूच्या मानाने अंगाला घासूनच.

धूमकेतूवरून सासूबाईंची गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा. पसरणी घाटाच्या दिव्यांवर, पाऊस उघडलेल्या एका संध्याकाळी, त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. गुडघे दुखतात, पण आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हा लहान आहे. आमच्या वेळचा शेंडे नक्षत्र केवढा होता!” मग कळलं. लग्नाच्या आदल्या वर्षी, दिवाळी नुकतीच झालेली, पहाटे विहिरीवर पाणी शेंदायला गेल्या असताना पूर्वेला उभा झाडूसारखा पट्टा दिसला. घागर तशीच सोडून त्या घरात पळाल्या होत्या. दिवाळी १९६५ ची. म्हणजे इकेया-सेकी. मी त्यांना सांगितलं, की तो शोधणाऱ्यांतला इकेया एकवीस वर्षांचा होता, जपानमध्ये पियानोच्या कारखान्यात कामाला, आणि दुर्बीण त्याने घरी बनवलेली. दुसरे सेकी गिटार शिकवायचे. दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना सप्टेंबरातल्या एकाच पहाटे तो पाहिला. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, “एकवीस म्हणजे माझ्याच वयाचा की.” त्या पहाटेपासून साठ वर्षं त्यांच्या मनात अपशकुन म्हणून बसलेली गोष्ट त्या संध्याकाळी जराशी हलली, असं मला वाटलं. विचारलं मात्र नाही.

त्यांना आकाश माहीत नाही असं नाही. मृगाचं तिकांडं कुठे आलं यावर रात्र किती उरली ते त्यांचे वडील सांगायचे. २०१९ च्या डिसेंबरात मृगातला काक्षी तारा मंद होऊ लागला, तेव्हा मी तो रोज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून लिहीत होते. एरवी ०.५ च्या आसपासचा तारा फेब्रुवारीपर्यंत १.६ वर उतरला. त्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती मध्ये आली, असं पुढे निष्पन्न झालं. दुर्बिणीचं काम नव्हतं, नुसता डोळा. आणि गंमत अशी, की मोठ्या दुर्बिणींना तो बघायला त्रासच व्हायचा. त्यांच्या कॅमेऱ्याला इतका झगझगीत तारा सोसत नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ जण विचारतात, की आता यंत्रं रात्रभर सगळं आकाश चाळतात, तुमचं काय काम. प्रश्न रास्त आहे. चिलीतली रुबिन वेधशाळा, कॅलिफोर्नियातली झ्विकी पाहणी, हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ग्रोथ दुर्बीण. बहुतेक नवतारे आणि धूमकेतू आता त्यांनाच आधी दिसतात. धूमकेतूला माणसाऐवजी यंत्राचं नाव लागतं, ते मला आवडत नाही, पण तक्रार नाही. टी पेटेल तेव्हाही पहिली नोंद माझी नसणार. पण एएव्हीएसओच्या साठ्यात आज पाच कोटींहून जास्त निरीक्षणं आहेत आणि त्यांत टीची शंभर वर्षांमागची रोजनिशी आहे ती डोळ्यांनी बघणाऱ्यांमुळे. १९४६ च्या स्फोटाआधी तो थोडा मंद झाला होता, हे त्या रोजनिशीतूनच कळलं. तेच पुन्हा दिसू लागल्यावर ‘आता येणार’ असा अंदाज बांधला गेला.

माझ्या वहीला मात्र दर वर्षी चार महिन्यांचं भगदाड पडतं. मृग लागला, की दुर्बिणीवर ताडपत्री. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू जगभर दिसत होता आणि आम्ही पांडवगडावर उतरलेले ढग बघत होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये भुजंगधारीतला आरएस हा नवतारा पंधरा वर्षांनी पेटला. तोही श्रावणातच. टी आठच दिवस डोळ्यांना दिसणार. तो जर आषाढात आला, तर त्याची पुढची खेप बघायला इथे आमच्यापैकी कोणीच नसणार. हा विचार आला, की पावसाच्या रात्रीही मी छत्री घेऊन एकदा वर जाते. ढगाला खिंड पडली तर म्हणून.

लेस्ली पेल्टियर यांचं काय झालं, ते ठाऊक असल्यामुळेही जाते. ओहायोतल्या डेल्फॉसचा हा शेतकऱ्याचा मुलगा. स्ट्रॉबेऱ्या तोडण्याच्या मजुरीतून अठरा डॉलर साठवून त्याने पहिली दुर्बीण घेतली. पुढे बारा धूमकेतू शोधले आणि रूपविकारी ताऱ्यांच्या सव्वा लाखावर नोंदी केल्या. टीवर तर पंचवीस वर्षं पहारा. फेब्रुवारी १९४६ मध्ये एका रात्री अडीचचा गजर झाला, ते उठले, आकाश स्वच्छ होतं, पण घसा धरल्यासारखा वाटला, शिंक आली आणि ते परत अंथरुणात शिरले. त्याच रात्री टी पेटला. चूक आपलीच, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण इतक्या वर्षांच्या दोस्तीनंतर टीने जरा सांभाळून घ्यायला हवं होतं, असंही.

या माघात मला ताप होता. टी तेव्हा मध्यरात्रीनंतर उगवतो. अडीचचा गजर मी बंद केला, पांघरूण ओढलं आणि मग पेल्टियर आठवले. शाल गुंडाळून वर गेले. कृष्णेवरून गार वारा येत होता, कठडा दवाने ओला होता. पूर्वेला बांगडी वर आलेली. नुसत्या डोळ्यांनी पाहिली, सातच तारे. दुर्बिणीत पाहिला. दोन ताऱ्यांमध्ये होता, मंद ताऱ्याकडे झुकलेला. लाल उजेडात लिहिलं, ९.९. वही मिटली आणि हळूच खाली आले.

“आला का गं?”

“नाही आला, आई.”

“अंगात ताप आहे ना तुझ्या? सुंठ उगाळून ठेवलीय ओट्यावर, ती घे. आणि कडी घाल.”